पाया एक असेल तर

परीक्षेचं केंद्र साकीनाक्याला, चौथ्या मजल्यावर.
तळाशी टायरवाल्याचं दुकान.
घड्याळ, पाकीट, रुमालसुद्धा लॉकरमध्ये.
तपासणाऱ्या बाईंनी बांगड्यांकडे पाहिलं,
म्हणाल्या, एवढ्या असू देत.

पडद्यावर एकोणिसावा प्रश्न.
आठाच्या डोक्यावर क्ष अधिक एक,
बरोबर
चाराच्या डोक्यावर दोन क्ष वजा एक.
इथं त्याला एक्स म्हणतात.
माझ्याकडे तो अजून क्ष म्हणूनच येतो,
महापालिकेच्या शाळेतून,
तेल लावून भांग पाडलेला.

शबिस्ता सांगायची, आधी पाया बघ.
आठ निराळा, चार निराळा, दिसायला.
दोघंही दोनाच्याच घरचे.
पाया सारखा कर नि मग त्याला विसर,
वरचं वरच्याशी जुळव.
अँटॉप हिलच्या अभ्यासिकेत पंख्याखालची खुर्ची
ती माझ्यासाठी डबा ठेवून अडवायची.
गेल्या वर्षी तिचा नंबर लागला.
आता इंदूरला असते.
फोन करते, पण आधी मेसेज करून विचारते,
करू का?

तीन क्ष अधिक तीन. चार क्ष वजा दोन.
क्ष पाच.
पन्नास सेकंद गेले.

पाया म्हटलं की अण्णा दिसतात,
वडाळ्याला, पायलिंगच्या मशीनवर.
खडक लागेस्तोवर खाली जायचं.
आधी भराव, मग काळा चिखल,
शिंपल्यांचा चुरा, खारं पाणी,
आणि अचानक मशीनचा आवाज बदलतो.
लागला, म्हणतात अण्णा.
त्यांचं काम तिथवर.
वर चाळीस मजले चढले
की फाटकावरचा वॉचमन त्यांनाच विचारतो,
कुणाकडे जायचंय?

घात हा शब्द मी शाळेच्या आधी घरी ऐकला.
मामाच्या कर्जाला अण्णा जामीन राहिले होते.
त्या एका सहीनं घात केला, आई म्हणायची,
भांडी घासता घासता, कुणालाच उद्देशून नाही.
नंतर सातवीत बाईंनी फळ्यावर
दोनाच्या खांद्यापाशी चिमुकला तीन काढला,
म्हणाल्या, हा घात.
मला वाटलं, एवढासा?

ऋण घातांक मात्र लगेच कळला.
वजा चिन्ह चढलं
की संख्या रेघेखाली जाऊन बसते.
लहान होते, आणखी लहान होते,
शून्य काही होत नाही.
आमच्या घरात हे वेगळं शिकवावं लागत नव्हतं.

तेविसावा.
तीनावर क्ष अधिक दोन, अधिक तीनावर क्ष, बरोबर नव्वद.
इथं हात शिवशिवतात घातांकांची बेरीज करायला.
करायची नाही.
सामाईक असेल ते बाहेर काढायचं.
कंसात उरतात दहा, तीनावर क्ष म्हणजे नऊ.
क्ष दोन.
शेजारच्या खुर्चीतला मुलगा
ओठ हलवून काहीतरी पुटपुटतोय,
पाढे असावेत, किंवा देव.

सत्ताविसावा.
अ वर क्ष, बरोबर, अ वर य.
तर क्ष आणि य समान आहेत का?

बोट ‘हो’वर पोचलंसुद्धा.
पाया तर सारखाच आहे.
मग आठवलं. अ एक असेल तर?
एकावर पाच ठेवा, पाचशे ठेवा,
वाटेल ते चढवा,
एकच.
एकच टेबल होतं आमचं, एकच पंखा,
एकच पुस्तक, मधोमध उसवून दोघींत वाटलेलं.
बीजगणित तिच्याकडे गेलं होतं,
माझ्या वाट्याला उत्तरं.

शेवटचा पर्याय होता, माहिती अपुरी आहे.
तो निवडला.
बरोबर असावा.

जिन्यात असतानाच अण्णांचा फोन.
मागे मशीन चालू, त्यामुळे ओरडूनच बोलले,
लागला का?
निकालाचं विचारत होते.
अजून नाही, म्हटलं, महिना जाईल.
बरं, म्हणाले, नि मशीनपाशी गेले असावेत,
फोन तसाच चालू.

खाली टायरवाला हवा भरत होता,
काट्यावर नजर ठेवून.